फायबरच्या होडीला जेलकोट मारताना : पावसाळ्याआधी उरकायचं काम, पायरीपायरीने

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात त्या आठवड्यात गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून म्हातारी माणसं आणि पोरं बाहेर काढली. पूर ओसरल्यावर तालीम मंडळाने वर्गणी काढून एक जुनी १६ फुटी फायबरची होडी घेतली. २०२१ ला ती उपयोगी पडली. मग ती तालमीच्या मागे उघड्यावर पालथी पडली, ती पडलीच.

दोन वर्षांपूर्वी बघितलं तर हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागायची. काठाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा होत्या आणि नाकाडापाशी काचेचे धागे उघडे पडले होते. आम्ही जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर, मारायला घेतला आणि पहिल्या खेपेला काम पूर्ण फसलं. चार दिवस झाले तरी वरचा थर चिकटच होता. गळीत हंगाम चालू होता, त्यामुळे कारखान्याच्या धुराड्यातून येणारी काजळी त्या चिकट थरावर बसून अख्खी होडी ठिपक्याठिपक्यांची झाली. आठवडाभर खरवडून पुन्हा केलं, तेव्हा जमलं. पुन्हा कुणाची अशी मेहनत आणि पैसा वाया जाऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय. नदीकाठच्या बऱ्याच गावांत अशा होड्या आता आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. जेलकोट हा ऑइलपेंटसारखा रंग नाही. तो पॉलिएस्टर रेझीन आहे, म्हणजे कॅटलिस्ट घातल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव. त्यात रंगद्रव्य आणि ओघळू नये म्हणून बारीक सिलिका घातलेली असते. ऑइलपेंट वाळतो तो त्यातला थिनर उडून जातो आणि हवेतला ऑक्सिजन लागतो म्हणून. जेलकोटमध्ये रासायनिक क्रिया होऊन तो सेट होतो. मुळात तो साच्यात सगळ्यात आधी मारायचा थर आहे. कारखान्यात होडी बनते तेव्हा जेलकोटचा चकचकीत चेहरा साच्याला चिकटलेला असतो, त्याला हवा लागत नाही. आपण मात्र तोच माल तयार होडीवर बाहेरून, उघड्या हवेत मारतो. हवेतला ऑक्सिजन ही सेट होण्याची क्रिया पृष्ठभागावर अडवतो. आमची होडी चिकट राहिली ती यामुळेच, आणि दुकानात हे कुणीही सांगितलं नव्हतं.

१. हंगाम बघा

आपल्याकडे या कामाला डिसेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा. दिवसाचं तापमान २० ते ३० अंशांत असावं आणि हवा कोरडी असावी. १५ अंशांच्या खाली जेलकोट नीट सेट होत नाही, म्हणून जानेवारीत सकाळी आठला सुरू करू नका. दहा वाजू द्या आणि चारच्या आत हात धुवा, कारण संध्याकाळी नदीकाठी दव पडायला लागतं.

एप्रिल-मेच्या उन्हात माल डब्यातच घट्ट होतो, वर दुपारी वळीव कधी येईल त्याचा नेम नाही. जून लागल्यावर तर विषयच सोडा. अडचण एवढीच की चांगला हंगाम आणि कारखान्याचा हंगाम एकाच वेळी असतो. काजळी आणि पाचट पेटवल्यावर उडणारी राख यांच्यापासून वाचायचं तर डोक्यावर छप्पर आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा हवाच. आम्ही दुसऱ्या खेपेला एका शेतकऱ्याच्या रिकाम्या गुऱ्हाळघरात होडी नेली. बाजू उघड्या होत्या म्हणून वासही कोंडला नाही. पक्कं बंद शेड मात्र घेऊ नका. का, ते पुढे सांगतो.

२. खरंच जेलकोट लागणार आहे का, ते तपासा

नुसतीच पांढरी पूड निघत असेल तर आधी हातभर जागेवर रबिंग कंपाउंड लावून घासून बघा. खालून मूळ रंग आणि चकाकी आली, तर पॉलिशवर भागेल आणि हजारो रुपये वाचतील. जेलकोट लागतो तो चिरा असतील, थर इतका झिजला असेल की आतले धागे दिसतात, किंवा टवके उडाले असतील तेव्हा.

मग रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या होडीवर टकटक करत फिरा. खणखणीत आवाज आला तर आतले थर एकसंध आहेत. आवाज बद्द आला तर तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी मुरलंय. तिथे खडूने गोल करा.

ओल तपासायला हातरुमालाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब दिसले तर होडी अजून ओली आहे. सावलीत, वारा लागेल अशी ठेवा आणि काही आठवड्यांनी परत तपासा. बुडावर फोड आले असतील, ते फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर पाणी थराखाली जाऊन रेझीनशी क्रिया झाली आहे. अशा होडीवर वरून जेलकोट मारून उपयोग नाही. फोड उकरून ती पूर्ण वाळवावी लागते आणि पाण्याखालच्या भागाला इपॉक्सीचा, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रेझीनचा, थर द्यावा लागतो.

इपॉक्सीबद्दल एक सावधगिरी. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली बसते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट भरवशाने धरत नाही. म्हणून इपॉक्सी लावलेल्या भागावर टू-पॅक (दोन डबे एकत्र कालवून मारायचा) पॉलियुरेथेन रंग मारा. होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असेल तर घासण्याआधी त्याचे मापासकट फोटो काढून ठेवा.

३. सामान

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीच्या बाजूला फायबरचे बंपर, टाक्या, कमानी बनवणारे आहेत. त्यांना विचारलं की रेझीनवाला सापडतो. यादी अशी :

- आयसोफ्थॅलिक जेलकोट. जनरल पर्पज जेलकोट स्वस्त मिळतो, पण तो पाण्याला कमी टिकतो.
- कॅटलिस्ट, म्हणजे एमईकेपी. रेझीन घट्ट होतं ते यानेच. दुकानात याला हार्डनरही म्हणतात.
- कोबाल्ट ॲक्सिलरेटर (सेट होण्याला वेग देणारा), पण जेलकोटमध्ये आधीच घातलेला नसेल तरच.
- वॅक्स सोल्युशन. ते नाहीच मिळालं तर पीव्हीए, वाळून पातळ पापुद्रा धरणारा द्रव.
- थोडं साधं रेझीन, ३०० किंवा ४५० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चटई) आणि एरोसिल पावडर (रेझीन घट्ट करायची बारीक सिलिका).
- ॲसिटोन, सुती पांढरी फडकी, नायट्राइलचे हातमोजे.
- पॉलिश पेपर ८० आणि १२० नंबर. वॉटर पेपर २२० पासून १५०० पर्यंत. रबराचा किंवा लाकडाचा ठोकळा.
- सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि बंद गॉगल.
- ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. गुजरीत सोनाराच्या पेढीवर असतो तसा छोटा काटा चालतो.

माल किती लागेल, याचा हिशोब सोपा आहे. थर अर्धा मिलिमीटर धरला तर एका चौरस मीटरला अर्धा लिटर, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम लागतो. आमच्या होडीची बाहेरची बाजू ११ चौरस मीटर भरली. त्याला ६.६ किलो, वाया जाणारा धरून ८ किलो आणला. सगळा माल एकाच बॅचचा घ्या, नाहीतर पांढऱ्यातसुद्धा दोन छटा दिसतात. डब्यावरची तारीख स्वतः वाचा. जेलकोट काही महिनेच टिकतो आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात त्याहून लवकर मरतो. आम्हाला पहिल्या वेळी एका दुकानातून मुदत संपलेला डबा मिळाला होता, तळाला जेलीसारख्या गाठी होत्या. झाकण उघडून काठीने तळ ढवळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

४. आधी धुणं, मग घासणं

हा क्रम उलटा करण्याची चूक बहुतेक जण करतात. होडीवर जुनं पॉलिश, मेण, इंजिनाचं तेल, माणसांच्या हाताचा चिकटा असतो. तसंच पेपर मारलं तर ते मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. तिथे नवा थर धरत नाही आणि माशाच्या डोळ्यांसारखी गोल छिद्रं पडतात.

आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग दोन फडकी घ्या. एक ॲसिटोनमध्ये भिजवून हातभर जागा पुसायची, आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते उचलायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं. फडकी सारखी बदला. नंतर थोडं स्वच्छ पाणी शिंपडून बघा. पाणी सपाट पसरलं तर मेण गेलं. थेंब गोळा होऊन घरंगळले तर परत पुसा.

५. चिरा आणि खड्डे

चिरेवर वरून जेलकोट मारला तर ती चीर पुढच्या मोसमात त्याच जागी परत येते. खराट्याच्या काडीएवढ्या चिरेलाही धारदार टोकाने व्ही आकारात उघडा, तळाशी घट्ट भाग लागेपर्यंत. खूप चिरा एका जागी असतील तर तिथे होडी वाकतेय असं समजा आणि आतून मॅटचे दोन थर देऊन ती जागा ताठ करा.

जिथे धागे उघडे पडलेत किंवा भोक आहे, तिथे कडा उतरती घासायची. किती, तर जाडीच्या बारा पट. ४ मिलिमीटर जाडीच्या अंगाला चहूबाजूंनी जवळजवळ ५ सेंटीमीटर उतार. एवढं कशाला असं वाटतं खरं, पण जोड धरतो तो या उतारावरच. मग मॅटचे लहानमोठे तुकडे रेझीनमध्ये भिजवून लावा आणि रोलरने हवा काढा.

लांबी म्हणून रेझीनमध्ये एरोसिल कालवून श्रीखंडाएवढी घट्ट करा. गाडीच्या गॅरेजमधली नेहमीची पॉलिएस्टर लांबी पाण्याखाली वापरू नका, तिच्यातली भुकटी ओल ओढते.

सेट झाल्यावर सगळी होडी ८० ने आणि मग १२० ने घासा. कुठेही चकाकी उरता कामा नये. बॅटरी आडवी धरून बघा, चमकणारा ठिपका दिसला की तिथे पेपर पोहोचलेला नाही. काचेच्या धुळीने अंग खाजतं, म्हणून पूर्ण बाह्या घाला आणि घरी गेल्यावर गरम पाण्याने नको, गार पाण्याने अंघोळ करा. शेवटी धूळ झटकून ॲसिटोनचा एक हात आणि कडेला मास्किंग टेप.

६. कॅटलिस्ट : इथे अंदाज चालत नाही

प्रमाण वजनाच्या १ ते २ टक्के. हवा २८-३० अंश असेल तर दीड टक्क्याच्या आतबाहेर, २०-२२ अंश असेल तर २ टक्के. म्हणजे अर्धा किलो जेलकोटला साडेसात ते दहा ग्रॅम. एकाच्या खाली गेलात तर थर कायमचा कच्चा राहतो. लवकर सेट व्हावा म्हणून तीन-चार टक्के घातला तर तो ठिसूळ होतो आणि रंग पिवळट पडतो. पॅकेटवर दिलेला आकडा वेगळा असेल तर पॅकेटचं ऐका.

माल आणताना विचारा, कोबाल्ट आधीच घातलाय का? नसेल तर तो आधी जेलकोटमध्ये घालून पूर्ण ढवळा, आणि त्यानंतरच कॅटलिस्ट घाला. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. दोघांच्या बाटल्या वेगळ्या पिशवीत आणा, वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि दोघांना एकच माप वापरू नका. आम्ही कोबाल्टच्या मापाला लाल टेप गुंडाळली होती.

कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू द्यायची नाही, मग तो मंडळाचा अध्यक्ष असो. पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या शेजारीच हवा. उडालंच तर तिथल्या तिथे पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि मग दवाखाना. रेझीनची वाफ डोक्यात चढते आणि ॲसिटोनची वाफ ठिणगीची वाट बघत असते. बंद शेड नको म्हटलं ते यासाठी. बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग, चूल, काहीही जवळपास नको.

एका वेळी अर्ध्या किलोच्या वर कालवू नका, पंधरा-वीस मिनिटांत ते घट्ट व्हायला लागतं. तळ आणि कडा खरवडत, हळू, दोन मिनिटं ढवळा. जोरात घुसळलं तर बुडबुडे अडकतात आणि नंतर घासताना सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात. होडीवर हात घालण्याआधी पत्र्याच्या तुकड्यावर एक नमुना लावून वेळ मोजा.

७. थर मारणे

स्प्रे गन असेल तर नोझल दोन मिलिमीटरच्या पुढचा लागतो, रंगाचा बारीक नोझल लगेच तुंबतो. पातळ करायचंच असेल तर थोडं स्टायरिन (रेझीनमध्ये मुळातच असणारा पातळ द्रव), फार तर पाच टक्के. थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नको, ते थरात अडकतं आणि छिद्रं पाडतं.

आमच्याकडे कॉम्प्रेसर नव्हता. आम्ही चार इंची मऊ ब्रशने केलं आणि तुम्हीही बिनधास्त करा. ब्रशच्या रेघा उठतात, त्या नंतर घासून जातात. मात्र रंगासारखं ओढून पातळ करू नका. भरपूर घेऊन पसरवायचं आणि सोडून द्यायचं, त्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. फार पातळ थर अर्धवट सेट होतो आणि त्यावर दुसरा हात पडला की मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. फार जाड झाला तर ओघळतो आणि पुढे तडकतो. दोन हातांत मिळून ०.५ ते ०.६ मिलिमीटर हवा. फणीसारखा वेट फिल्म गेज मिळाला तर त्याने मोजा.

पहिल्या थरात वॅक्स घालायचं नाही. तो सेट झाला की बोट लावून बघा. बोट चिकटतं पण रंग बोटाला येत नाही, ही दुसऱ्या हाताची वेळ. आम्हाला सव्वा तास लागला. या वेळी वरचा चिकटपणा आपल्या फायद्याचा असतो, दुसरा थर त्यालाच धरतो.

८. शेवटच्या हातात मेण

दुसऱ्या हाताच्या मालात वॅक्स सोल्युशन घाला, साधारण २ ते ५ टक्के, बाटलीवर असेल तसं. सेट होताना हे मेण वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघितलं तेव्हा नख घसरलं, आणि आमच्यातल्या दोघांनी तर होडीला नमस्कारच केला.

हे काम सावलीतच करा. ऊन लागून पृष्ठभाग तापला तर मेण विरघळलेलंच राहतं, वर येत नाही. आणि एकदा मेण घातलं की त्यावर तिसरा हात घासल्याशिवाय धरणार नाही. काही राहून गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढी जागा घासून पुन्हा मारा. घरी गॅसवर स्टायरिनमध्ये मेणबत्त्या वितळवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, घर पेटेल.

वॅक्स मिळालं नाही तर थर सेट झाल्यावर वरून पीव्हीए फवारा. त्याचा पातळ पापुद्रा हवा अडवतो आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने निघतो.

९. वॉटर पेपर आणि चकाकी

निदान २४ तास थांबा, दोन दिवस थांबलात तर आणखी चांगलं. आधी साबणाच्या पाण्याने वरचं मेण धुवा. मग सगळ्या होडीवर शिसपेन्सिलीने आडव्यातिडव्या हलक्या रेघा ओढा. ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासताना उंच भागावरच्या रेघा आधी जातात, खोलगट भागातल्या राहतात. सपाटी कुठे आली नाही ते डोळ्यांना दिसतं.

ब्रशने मारलं असेल तर २२० पासून सुरू करा, मग ४००, ६००, ८००, १०००, १५००. प्रत्येक नंबराला दिशा बदला आणि आधीच्या नंबराचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. बादलीतलं पाणीही दरवेळी बदला, जाड पेपरचा एक कण राहिला तरी तो १००० नंबरला लांब ओरखडा काढतो. मधला एखादा नंबर गाळायचा मोह होतो. सावलीत तेव्हा काही दिसत नाही, पण होडी उन्हात आणली की पट्टे उठून दिसतात.

कडा आणि कोपऱ्यांवर ठोकळा दाबू नका. थर अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि कोपऱ्यावर तो पाच-सहा हातांत संपतो. खालचा जुना रंग सावलीसारखा दिसायला लागला की तिथेच थांबा. आमची नाकाडावरची एक तळहाताएवढी जागा अशी गेली आणि पुन्हा मारावी लागली.

१५०० नंतर लोकरी पॅडवर कंपाउंड, मशीन कमी वेगात आणि सतत फिरतं. एका जागी थांबलं तर थर भाजतो. वरून पॉलिशचं मेण. बुडाला चकाकीची गरज नाही, तिथे ६०० वर थांबलात तरी चालतं. आणि जिथे माणसं पाय ठेवतात ती आतली जागा चुकूनही गुळगुळीत करू नका. ओल्या पायाने पूरग्रस्त माणूस चढताना घसरतो.

१०. उरलेला माल आणि पहिलं पाणी

कालवून उरलेला जेलकोट डब्यात कोंबून ठेवू नका, तो तापून धुमसतो. उघड्यावर पत्र्यावर पातळ पसरवा आणि कडक झाल्यावर टाका. कॅटलिस्टची आणि ॲसिटोनची फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा. यातलं काहीही नदीत किंवा ओढ्यात जाता कामा नये. न कालवलेला माल घट्ट झाकण लावून घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, डब्यावर तारीख लिहून.

पाण्यात उतरवायला निदान आठवडाभर थांबा. पहिल्या दिवशी अर्धा तास पाण्यात ठेवून बाहेर काढा, पुसा आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागेवर पुन्हा ते नाणं वाजवा. नंतर होडी जमिनीवर न टेकवता लाकडी ओंडक्यांवर पालथी ठेवा आणि ताडपत्री अंगाला न चिकटवता चार बांबूंवर ताणा, खालून वारा खेळला पाहिजे. मे महिन्याच्या शेवटी ताडपत्री काढून एकदा सगळीकडून हात फिरवून घ्या.